मनीचे कान आणि माझं तोंड

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाईंनी परत शाळेत बोलावलं! पोरीच्या कातडीवरून असणार म्हणून मी तोंड तयार करूनच गेले — की हे लागत नाही कुणाला, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी तुम्हाला दिलेली आहे, कपाटात ठेवण्यापेक्षा वाचा. सगळं वाया. बाई म्हणतात कातडीचं नाही. मनी वर्गात नसल्यासारखी असते. बाई फळ्यावर लिहिता लिहिता काही सांगतात तेव्हा ही खिडकीबाहेर बघते. परवा बाईंनी फळ्याकडे तोंड करूनच विचारलं, सात आणि दोन किती, तर उभी राहून म्हणाली, ‘घरी आहे.’ वर्ग हसला. मग ही पण हसली.

बाईंचं म्हणणं पोर मंद आहे. तो शब्द नाही वापरला, ‘जरा हळू’ म्हणाल्या. अशा मुलांची वेगळी शाळा असते, तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं. पुढच्या वर्षी पाठवायची तर नाव आत्ताच घालावं लागतं.

विचार करते म्हटलं. घरी येईपर्यंत विचार काही केला नाही, नुसती चिडले. दारात पोचल्यावर मनीला म्हटलं, लक्ष कुठे असतं गं तुझं? ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ही अशीच बघते. दुधाच्या पातेल्याकडे मांजर बघतं तशी. म्हणून तर मनी नाव पडलं.

६ फेब्रुवारी

कातडी: कोपरं बरी. पोटऱ्या वाईट. पाठ कोरडी, पण भेगा नाहीत.

झालं कातडीचं. डॉक्टरीणबाईंनी एवढंच लिहायला सांगितलं होतं, रोज एक ओळ. पण मी चौथी नापास. पेन हातात आलं की सुटतंच नाही, कातडीची एक ओळ आणि खाली पानभर माझं रडगाणं. आता ही वही त्यांना दाखवायची सोयच राहिली नाही. त्यांच्यासाठी दुसरी करावी लागणार.

पोर जन्मली तीच अशी. अंगभर माशासारखे खवले. ते सुटतात, खालून नवे येतात, तेही सुटतात. डॉक्टर त्याला जे नाव म्हणतात ते माझ्या जिभेवर बसत नाही. बरा होणारा रोग नव्हे, सांभाळायचा. पाण्यात बसवायचं, भिजली कातडी हळू चोळायची, ओल्या अंगावर मलम, वर तेल. आई हिची लवकर गेली. बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ, तो ट्रकवर. अधूनमधून उगवतो, खाऊ देतो, झोपतो, जातो. उरले मी. लग्न केलं नाही, मूल नाही, आणि धीर तर देव मला घडवताना घालायलाच विसरला.

८ फेब्रुवारी

शिडीला सांगितलं शाळेचं. शिडी म्हणजे कारखान्यात माझ्या शेजारच्या मागावरची, आणि घरी शेजारच्याच खोलीतली. उंची तेवढी आहे, म्हणून शिडी. मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, इथे लिहिणार नाही.

आमच्या खात्यात शेकड्यानं माग एकदम धडाडतात. कानाशी येऊन बोंबललं तरी उपयोग नाही. म्हणून आम्ही बायका ओठांनी बोलतो. आवाज काढायचाच नाही. शब्द ओठांवर मोठा करून दाखवायचा, समोरचीनं तो तिथून उचलायचा. चार माग पलीकडच्या बाईशी व्यवस्थित भांडता येतं. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, मधे उभा राहतो आणि त्याला पत्ता लागत नाही की विषय तोच आहे. इतकी वर्षं झाली, आता घरीदारीही तोंड तसंच चालतं.

आणि सोय केवढी! पोरीसमोर जे बोलायचं नाही ते आम्ही ओठांनी बोलतो. आज ती दोघींच्या मधे जमिनीवर बसून टकमक बघत होती, आणि तिच्या डोक्यावरून मी शिडीला सगळं सांगितलं. वेगळी शाळा, तिथेच राहायचं. शिडी ओठांनी म्हणाली, टाक की, तूही मोकळी होशील. मी ओठांनीच म्हटलं, खरं आहे बाई, त्या अंथरुणातला कोंडा झाडून झाडून माझी कंबर गेली.

मग शिडी हसली, मी हसले. मनी दोघींकडे बघून तीही हसली. गोड आहे पोर. डोकं नसेना का.

९ फेब्रुवारी

मनीनं सकाळी स्वतःचं अंथरूण स्वतः झाडलं. न सांगता! माझ्या ओरडण्याचा अखेर उपयोग झाला म्हणायचा.

१३ फेब्रुवारी

उजवा कान दुखतो म्हणाली. मी केसांतला आकडा काढला आणि उजेडाला बसवून कानात घातला. कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघाले. बरंच काही आत आहे असं वाटलं, पण ती रडायला लागली म्हणून सोडलं. मग कोमट तेल ओतलं. दोन्ही कानांत, एकावर अन्याय नको. अंगाला तेल चालतं, मग कान काय परक्याचा आहे?

शिडी म्हणाली डॉक्टरला दाखव. मी म्हटलं मला शिकवू नको.

१५ फेब्रुवारी

शिडीनं शिकवायला हवं होतं. कान सुजला. उशीवर पिवळं. ताप.

कारखान्यातली पाळी बुडवून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे पळाले. त्यांनी आधी आकड्याचं ऐकून घेतलं, मग कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, हिचे कान आतून कुणी बघितलेत का कधी? कुणी नाही. सात वर्षं आम्ही या पोरीचं अंग वीतवीत करून बघतोय, बोटांच्या बेचक्यासुद्धा. कानाच्या आत बघायचं मला सुचलं नाही आणि त्यांनाही नाही. चूक माझीही आहे, असं त्या स्वतःच म्हणाल्या. म्हणून मी आवाज चढवला नाही. थोडाच चढवला.

कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कानाचे डॉक्टर तोंडाला फडकं बांधून बोलतात. निम्मं तर कळतच नाही. मी म्हटलं फडकं खाली करा, मग बोला. केलं बिचाऱ्यांनी.

त्यांनी दुर्बिणीसारख्या यंत्रातून आत बघितलं आणि मलाही बघू दिलं. कानाची वाटही कातडीचीच असते म्हणे. मग तिथेही खवले सुटणारच. अंगावरचे गळून पडतात, कानातल्यांना बाहेर यायला जागा नाही. तिथेच साठतात, मळात कालवले जातात, वर्षानुवर्षं. हिची वाट आधीच अरुंद. दोन्ही कानांत गच्च बूच बसलं आहे.

‘आणि ह्यात आकडा कुणी घातला?’

मी खिडकीबाहेर बघितलं.

‘तेल?’

खिडकीबाहेर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आधी जंतूंचं औषध, सूज उतरली की मग बूच काढायचं. आणि तोवर ऐकण्याची तपासणी. मी म्हटलं ते कशाला? ऐकायला चांगलं येतं तिला. मी बोलते ते सगळं कळतं, शब्द न् शब्द. ते म्हणाले, करून तर बघू. शाळेतल्या बाई ‘हळू’ म्हणतात तेही त्यांना सांगितलं. त्यांनी कागदावर ते लिहून खाली रेघ मारली.

नुसती रेघ बघूनच मी घाबरले. तपासणीत जर पोर खरंच मंद निघाली तर नाव घालण्यावाचून गत्यंतर नाही. आणि मला तिला पाठवायचं नाही. हे मी आजवर कुणाला बोलले नाही, शिडीलाही नाही. कंबर गेली वगैरे बोलायला आपलं बरं असतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नीट लिहिते.

तपासणारी एक तरुण पोरगी आहे. तिनं मनीला समोर बसवलं आणि म्हणाली मी बोलेन ते तू म्हणायचं. झाड. झाड. खुर्ची. खुर्ची. पाऊस, घोडा, कात्री. सगळं बरोबर! मी मागं बसून मान डोलावत होते, जशी काही मीच परीक्षा देतेय.

मग त्या पोरीनं एक पुठ्ठा उचलला आणि आपल्या तोंडासमोर धरला.

मनी गप्प.

पुठ्ठ्यामागे ती बोलत होती. तिचा गळा हलताना मला दिसत होता. मनी पुठ्ठ्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग परत पुठ्ठ्याकडे. मग ती हसली. वर्गात हसली असेल तसंच. मला ते हसू कळलं. हसू नव्हतंच ते. चारचौघात अडकल्यावर माणूस जे तोंड करतं, ते तोंड होतं.

पोरगीनं पुठ्ठा खाली ठेवला आणि नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नाही म्हणे. मनी पटकन म्हणाली, ‘मांजर.’

पोरगी माझ्याकडे वळली. ‘हिला हे कुणी शिकवलं?’

शिकवलं म्हणे! आमच्या घरात दुसरं असतं काय?

कानाचे डॉक्टर नंतर म्हणाले, दुसऱ्या कुठल्याही घरात हे लवकर लक्षात आलं असतं. आई आतून हाक मारते, पोर येत नाही, मग आई घाबरते आणि डॉक्टर गाठते. आमच्याकडे आतून हाक मारतंच कोण? मागावर हाक मारून काय उपयोग? आम्ही उठतो, समोर जातो, खांद्यावर थाप मारतो, तोंड दाखवतो आणि मग बोलतो. सगळ्यांशीच. भांडीवालीशीसुद्धा. पोर बहिरी होत गेली आणि आमच्या घरात तिचं काही अडलं नाही. अडलं ते शाळेत, फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या बाईंपाशी.

मंद म्हणे. आवाजाशिवाय नुसत्या ओठांवरून बोलणं उचलायला मला मागावर दोन वर्षं लागली होती, आणि मी घोडी झाले होते तेव्हा.

२१ फेब्रुवारी

सकाळी मनी अंथरूण झाडत होती. कोपऱ्यातला कोंडासुद्धा बोटांनी गोळा करत होती. मी बघत उभी होते आणि एकदम लक्षात आलं.

माझ्या ओरडण्यानं नाही झाडत ती.

धावत शिडीकडे गेले. तोंडासमोर हात आडवा धरून सांगितलं. शिडी दारातच बसली. म्हणाली, म्हणजे आपण तिच्या डोक्यावरून बोलत होतो. मी म्हटलं, डोक्यावरून कुठलं, डोळ्यांसमोर! सगळ्या जगात जी एकच भाषा पोरीला पक्की कळते ती आम्ही गुपितासाठी निवडली होती. असल्या दोन हुशार बायका एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहतात, भिंतीचं नशीब.

मग आठवत बसलो काय काय बोललोय ते. जॉबरच्या टकलाबद्दल. धाकट्याच्या पिण्याबद्दल. शिडीच्या सासूबद्दल तर काय काय. ते सगळं परवडलं. पण ती शाळा. तो कोंडा.

शिडी म्हणाली, बोल तिच्याशी. मी बोलते म्हटलं.

नाही बोलले. मलम लावलं, वेणी घातली, तेलकट हात पुसत इकडेतिकडे केलं. जगाला ऐकवायला तोंड आहे मला. एवढ्याशा पोरीशी एक वाक्य बोलायचं तर दातखीळ.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज डावा कान. आधी थेंब घालून बूच मऊ केलं होतं, मग बारीक नळीनं ओढून काढलं. नळीचा आवाज मोठा असतो, असं त्यांनी आधी बजावलं होतं. मनीनं माझा अंगठा धरला होता, तो अजून सुजलेला आहे. रडली नाही. रडण्याचं काम मी केलं, मला तिथल्या बाईनं पाणी आणून दिलं.

बूच निघालं ते दाखवलं. तपकिरी, गुंडाळीच्या गुंडाळी, कुणीतरी तुटक्या सुताचा बोळा करून कोंबावा तसं. एवढं ह्या एवढ्याशा कानात! ह्याच्या पलीकडे बसून पोर आमच्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी चिमटा ताटलीत टाकला आणि मनी दचकली. मग ताटलीकडे बघितलं. मग म्हणाली, परत टाका ना.

सोमवार, ३ मार्च

उजवा कानही झाला. परत पुठ्ठ्याआडून तपासणी. झाड. झाड. घोडा. घोडा. मी मान डोलावली नाही यावेळी, श्वासच धरून बसले होते. पोरगी म्हणाली, उत्तम.

पण कायमचं नाही. कातडी आहे तोवर खवले सुटणार, सुटले की कानात साठणार. दर दोन महिन्यांनी येऊन काढून घ्यायचं, जन्मभर. घरी काडी, आकडा, तेल — काही नाही, फक्त त्यांनी दिलेले थेंब. हे बोलताना डॉक्टर माझ्याकडेच बघत होते. फडकंही आपणहून खाली केलं.

घरी आल्यावर मनी प्रत्येक गोष्टीला विचारत सुटली, हे बोलतं का? पंखा बोलतो. नळ बोलतो. दप्तराची चेन बोलते, ती तर शंभरदा उघडली आणि लावली. मी म्हटलं पुरे आता. तर ती कानांवर हात ठेवून म्हणाली, आत्या, तू ओरडतेस. मी म्हटलं बोलतेय. ती म्हणाली, नाही, ओरडतेस. शिडी मधे काहीतरी पुटपुटली. हल्ली शिडी फार पुटपुटते.

गुरुवार, ६ मार्च

शाळेत गेले. केवढी भाषणं तयार केली होती! बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि त्यांचे डोळेच भरून आले. आता रडणाऱ्या बाईला काय ऐकवणार? पहिल्या बाकावर बसवते म्हणाल्या, वर्गाकडे तोंड करून बोलते. आणि त्या दुसऱ्या शाळेचं विसरा. विसरले! जाताना मी त्यांनाच समजावून आले की होतं असं, आमच्या घरात कुणाला कळलं नाही तर तुम्हाला कुठून कळणार.

मनीला मुद्दाम काही सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? दप्तर तेच, शाळा तीच. उद्या तिथेच जाणार म्हटल्यावर कळेलच की तिला.

८ मार्च

कातडी: पाठ बरीच मऊ. पोटऱ्या तशाच.

तेल लावताना हल्ली अगदी शहाण्यासारखी बसते. पूर्वी वळवळायची, पळायची. आता पाठ माझ्याकडे करून बसते आणि हूं की चूं नाही. वळण लागलं. मी लावलं.

रविवार, ९ मार्च

सकाळी मनीच्या पाठीला तेल लावत होते. शिडी दारात आली, थांबली, आणि माझ्या समोर येऊन म्हणाली, ‘अगं, पोर कधीची विचारतेय, उत्तर दे की तिला.’

कोण विचारतेय? काय?

मनीला ओठ दिसू नयेत म्हणून शिडी तिच्या पाठीमागे माझ्या बाजूला आली आणि ओठांनी सांगितलं — मला कधी पाठवणार?

रोज विचारते म्हणे. रोज, तेल लावताना, पाठ करून. शिडीनं तिला विचारलं, समोरून का नाही विचारत गं? तर म्हणाली, समोरून विचारलं तर उत्तर दिसेल.

आणि मी मागं बसून तिला वळण लावत होते. मला एक अक्षर ऐकू आलेलं नाही. एकही दिवस.

तिला माझ्याकडे वळवलं आणि सांगितलं — कधीच नाही. अगदी हळू सांगितलं. शिडी म्हणते, गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.